पक्षाघातात एमआरआयऐवजी आधी सीटी स्कॅन का करतात?

गुहागरहून वडिलांना उजवा हात लुळा पडल्यामुळे चिपळूणला नेले, सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला आणि तरीही पक्षाघाताचे उपचार सुरू झाले, हे कसे, असा आपला प्रश्न आहे.

अशा वेळी डॉक्टरांना सर्वप्रथम हेच पाहायचे असते की मेंदूत रक्तस्राव झाला आहे की गुठळीने रक्तवाहिनी बंद पडली आहे, कारण गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात दिल्यास ते जिवावर बेतू शकते. ताजा रक्तस्राव सीटीत काही मिनिटांत पांढरा दिसतो. गुठळीमुळे झालेली इजा मात्र पहिल्या काही तासांत बहुधा दिसत नाही. म्हणजे त्या ‘नॉर्मल’ अहवालाने आजार नाकारला नव्हता, तर उपचाराची वाट मोकळी केली होती.

एमआरआयमध्ये ही इजा लवकर दिसते, पण त्याला वेळ अधिक लागतो. हे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून 4.5 तासांच्या आत द्यावे लागते आणि आपल्याकडे खाड्यांना वळसा घालण्यातच त्यातला बराच वेळ जातो. तेव्हा एमआरआयसाठी कुंभार्ली घाट चढण्याऐवजी सीटीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठले, हे माझ्या मते योग्यच झाले.