उबुंटू सर्व्हरचं नाव बदलल्यापासून प्रत्येक सुडोला (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवायच्या कमांडला) ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ येतंय. काय करू? (कारखान्याचा सर्व्हर, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर)

ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स फाइल उघडा आणि १२७.०.१.१ ने सुरू होणाऱ्या ओळीतलं जुनं नाव खोडून नवं टाका. उद्यमनगरातल्या दोन-तीन कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो, तिथे नाव बदललं की हमखास हेच निघतं. होस्टनेमसीटीएल कमांड चालू नाव आणि होस्टनेम फाइल बदलते, होस्ट्स फाइलला हात लावत नाही. मग सुडो नव्या नावाचा पत्ता शोधतो, फाइलमध्ये मिळत नाही म्हणून डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारतो, आणि तिथेही ते नाव कुणाला ठाऊक नसतं. कमांड अडखळत चालत असेल तर तेही यामुळेच.

१२७.०.०.१ लोकलहोस्ट ही वरची ओळ मात्र कृपा करून तशीच ठेवा, घाईत नेमकी तीच खोडली जाते. रीस्टार्टची गरज नाही. ‘गेटएंट होस्ट्स’ आणि पुढे नवं नाव टाइप करा, पत्ता दिसला की काम झालं.

सर्व्हर क्लाउडवरचा असेल तर एवढ्यावर भागेलच असं नाही: क्लाउड-इनिट (क्लाउड सर्व्हर सुरू होताना त्याच्या सेटिंग लावणारं सॉफ्टवेअर) रीबूटनंतर जुनं नाव परत आणू शकतं. त्याच्या सीएफजी फाइलमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ ट्रू करा.