दारू सोडायचीय, पण कुठल्या मिटिंगला जाऊ?

व्यसनमुक्तीबद्दलच्या पत्रांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येतात. कुणाला मिटिंग म्हणजे दवाखाना वाटतो, तर कुणाला चारचौघांत बदनामी. म्हणून या वेळची सगळी उत्तरं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’च्या मिटिंगांबद्दल. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात.

फी किती असते? नाव-पत्ता द्यावा लागतो का? (ठाणे)

फी नाही. फक्त पहिलं नाव पुरतं.

पिऊन गेलं तर बसू देतात का? (कोल्हापूर)

गोंधळ घातला नाही तर सहसा बसू देतात. त्या दिवशी बोलू नका, ऐका. गाडी चालवत जाऊ नका.

एका मिटिंगला गेलो. सगळे वयस्कर, तेच ते अनुभव. मन लागलं नाही. ही पद्धत माझ्यासाठी नाही का? (पुणे)

एका मिटिंगवरून एएबद्दल मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. निदान तीन ग्रुप पाहा आणि प्रत्येकात दोनदा तरी बसा. ‘ओपन’ मिटिंगला घरचं माणूस सोबत चालतं. ‘क्लोज्ड’ मिटिंग फक्त पिणं थांबवू इच्छिणाऱ्यांसाठी असते. ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता, त्या भाषेतली मिटिंग निवडा, कारण परक्या भाषेत माणूस खरं बोलायचं टाळतो. वेळ अशी घ्या की नेमकी तुमची बाटली उघडायची वेळ मिटिंगमध्ये जाईल. संध्याकाळी सातला हात शिवशिवत असेल, तर रविवार सकाळच्या मिटिंगने भागणार नाही. दहा मिनिटं आधी पोचा आणि संपल्यावर चहाला थांबा. फोन नंबर तिथेच मिळतात, आणि रात्री अकराला तलफ आली की तेच नंबर उपयोगी पडतात. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना मेंबर, निवडताना निदान वर्षभर न प्यायलेली व्यक्ती घ्या; पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री.

‘एएचं सेंटर’ म्हणून एका ठिकाणी महिन्याचे तीस हजार मागितले. भरावेत का? (नाशिक)

नाही. एए कुठेही केंद्र किंवा हॉस्पिटल चालवत नाही. हे नाव लावून पैसे मागणारा तुमची दिशाभूल करतो आहे. भरती करायची गरज असेलच, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 खाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष तपासतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी विचारा. ‘रात्री गाडी पाठवून उचलून नेतो’ असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या.

भाऊ सोमवारपासून मिटिंगला जाणार आहे आणि त्याच दिवशी दारू पूर्ण बंद करणार आहे. रोज एक क्वार्टर, कधी दोन. सकाळी हात थरथरतात. मित्र म्हणतात, दोन दिवस सलाईन लावलं की झालं. (सोलापूर)

सोमवारची वाट पाहू नका. आजच त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये न्या आणि तोवर त्याला अचानक पिणं थांबवू देऊ नका. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, दारूचा पहिला घोट घेतला की थरथर थांबते, याचा अर्थ शरीर दारूवर बेतलं गेलंय. अशा माणसाने एकदम बंद केली की पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसणं, वेळकाळ न कळणं, घाम, ताप. यात माणूस दगावतो. मिटिंगमधली माणसं कितीही मायेची असली तरी फिट थांबवू शकत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या द्याव्या लागतात.

आणि ते सलाईन! पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, बहुतेक वेळा कमी असतं. ते आधी किंवा सोबत न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. चाल डळमळते, नजर स्थिर राहत नाही, पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ‘थायमिनचं इंजेक्शन दिलं का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही आवर्जून सांगा. शरीर सावरत असतानाच मिटिंग सुरू करता येते. दोन्ही गोष्टी हव्यात, फक्त डॉक्टर आधी.

ग्रुपमधल्या जुन्या मेंबरने नैराश्याच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. (नागपूर)

ऐकू नका. मेंबरने डॉक्टर होऊ नये, ही एएचीच भूमिका आहे. गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

नवरा मिटिंगला यायला तयार नाही. जाहिरातीतली पावडर जेवणात मिसळून देऊ का? (सांगली)

मुळीच नाही. अशा पावडरीत काय आहे हे विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम असेल आणि त्यावर ते प्यायले, तर चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं असं सगळं होतं. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण तपासण्या करून, रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीने. ताई, ते येत नसतील तर तुम्ही जा. घरच्यांसाठी 1951पासून ‘अल-अॅनॉन’ची वेगळी मिटिंग आहे. पैसे कधी द्यायचे नाहीत, ऑफिसात खोटा निरोप का द्यायचा नाही, हे तिथे इतर बायकांकडून शिकता येतं. मारहाण होत असेल तर मात्र आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहा.

आमच्या तालुक्यात मिटिंग नाही. दिवाळीनंतर शहरात जाऊन सुरुवात करावी म्हणतो. (बीड)

दिवाळीपर्यंत थांबायचं काय कारण? ऑनलाइन मिटिंगा मोबाइलवर होतात, आजही बसता येईल. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक बोलतात, दोन्ही मोफत. रोज पीत असाल तर वर सोलापूरला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू आहे.