आधी ते सुटतं कसं ते सांग

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझं ड्रॉइंग आणि त्यासोबतचं लांबलचक पत्र, दोन्ही वाचलं. सर्जरीच्या रोबोटच्या हाताला इन्स्ट्रुमेंट जोडणाऱ्या तुझ्या कपलिंगसाठी चुंबक घेऊ की स्प्रिंगचा लॅच, म्हणजे खटका, या प्रश्नावर तू अडून बसली आहेस. गाइड म्हणतात पकड वाढव, मैत्रिणी म्हणतात चुंबक घे, व्हिडिओत चटकन बसताना छान दिसतं. आणि तुझी झोप उडाली आहे. अगो, दोन्हींतलं काहीही घे. इन्स्ट्रुमेंट रोबोटच्या हाताला बसतं कसं हे तू चार पानं लिहिलंस. ते निघतं कसं यावर एकच ओळ आहे: 'लॅच दाबल्यावर निघते.' त्या ओळीने मला अस्वस्थ केलं, म्हणून हे पत्र.

आधी सोडवणं, मग जोडणं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तुझ्यासमोर दा विंची या सर्जरीच्या रोबोटचा नमुना आहे. अमेरिकेत २००० साली त्याला परवानगी मिळाली, तेव्हापासून या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघूनच शिकतो. त्याच्या हातातली मोटर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही, म्हणून हातावर निर्जंतुक आवरण आणि मोटर व इन्स्ट्रुमेंटच्या मध्ये स्टराइल अडॅप्टर, म्हणजे निर्जंतुक जोड. इन्स्ट्रुमेंट आत सरकवलं की मोटर चकत्या हळू फिरवते आणि स्प्रिंगच्या दाबाने पिना खाचेत पडतात. पिना मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवल्या तर चकती अर्धा फेरा चुकूनही बसेल, म्हणून त्या मुद्दाम असमान ठेवायच्या. हे तू बरोबर केलंस. पण आता तेच यंत्र उलट्या बाजूने बघ. टोकाचं मनगट वाकलेलं असताना इन्स्ट्रुमेंट ८ मिलिमीटरच्या कॅन्युलातून, म्हणजे शरीरात घातलेल्या नळीतून, बाहेर येत नाही, आधी ते सरळ व्हावं लागतं. जबड्यात ऊतक धरलेलं असताना ओढलं तर ते फाटतं. म्हणून बिघाडाच्या वेळी जबडा हाताने उघडायला त्यांनी वेगळी चावी दिली आहे. तुझ्या ड्रॉइंगमध्ये अशी चावी कुठे जाते? तू तर वर्म गिअर घेतलायस. तो जबड्याच्या बाजूने उलटा फिरत नाही. लाइट गेली की टंगस्टनच्या केबलमधला ताण तसाच अडकून राहणार आणि जबडा बंद. ऑपरेशन थिएटरला यूपीएस असतो हे मला सांगू नकोस. पहिल्याच वादळात तारा पडतात त्या किनाऱ्यावर आपण राहतो. आणि केवळ लाइटच जाते असं नाही, ड्राइव्हही बंद पडतो.

आता कोनाकडे ये, कारण खरी गोम तिथे आहे. तुझ्या डॉगच्या, म्हणजे कपलिंगच्या दातांच्या, भिंती ५ अंशांनी कलत्या आहेत. बॅकलॅश, म्हणजे जोडातली ढिलाई, जावी म्हणून तू टेपर (निमुळता उतार) दिलास, ते योग्य. पण वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर काम केलंयस ना? ड्रिल ज्यात बसतं तो मोर्स टेपर एका बाजूला दीड अंशाच्या आसपास असतो. तो स्वतःच धरून बसतो आणि ड्रिफ्ट (पाचर) ठोकल्याशिवाय निघत नाही. मिलिंग मशीनचा बीटी-४० टूलहोल्डर बघ. ७:२४ चा टेपर, एका बाजूला ८ अंशांहून थोडा जास्त. त्याला ड्रॉबारने, म्हणजे मागून ओढणाऱ्या दांड्याने, धरावं लागतं, पण ड्रॉबार ढिला केला की तो सुटतो. दोन्ही धरतात, सुटतो एकच. आणि तेही तेलकट स्पिंडलमध्ये. तुझ्याकडे तेल नाही. १३४ अंशांच्या वाफेतून निघालेला कोरडा धातू आहे, त्यावर ऑपरेशनमध्ये सुकलेलं रक्त. घर्षणांक ०.२ धर, घर्षणाचा कोन ११ अंशांच्या वर जातो, आणि भिंत त्याहून कमी कलती असली की ती आपोआप सुटत नाही. तुझे ५ अंश त्याच्या निम्म्याहूनही कमी. दात पाचर होऊन बसणार.

भिंती १५ अंश कर. टॉर्क त्यांना बाहेर रेटेल याची भीती वाटते ना? रेटू दे. पकडीचा हिशेब घर्षण शून्य धरून कर. रेटा स्पर्शी बलाच्या ०.२७ पट येईल, तो लॅचने घ्यायचा, लॅच त्यासाठीच आहे. सुटण्याचा हिशेब मात्र घर्षण जास्तीत जास्त धरून कर. तू दोन्ही ठिकाणी एकच आकडा वापरलास. पुस्तकात तसं चालतं, टेबलावर माणूस झोपलेला असताना चालत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात खलाशी होडीचा दोर खुंट्याला घालतात, तो बघून ये. होडी कितीही ओढ घेवो, तो ताण असतानाच सोडता येतो. दोर बांधतानाच सोडण्याची सोय केलेली असते.

पुण्यात ज्या कंपनीत मी होतो तिथे माझ्या डिझाइनमध्ये हाताने सोडायची कळ होती. लांबी वाढते, खर्च वाढतो, म्हणून ती काढा असं ठरलं. मी सही केली नाही. मला हटवादी म्हणाले, टीममध्ये मिसळत नाही म्हणाले, आणि शेवटी मी बाहेर पडलो. चिपळुणात अजून काही लोक म्हणतात की नोकरी झेपली नाही म्हणून परत आला. बोलोत. माझी ती कळ योग्य होती आणि आजही योग्य आहे. सल एकच. हाताखाली शिकत असलेली पोरं मागे राहिली, त्यांना हे पुढे कोणी सांगितलं नसेल. तुला इतकं रागावून लिहितोय त्यात त्याचाही भाग असेल, पण मुद्दा त्याने बदलत नाही.

अजून एक. सर्जन रोबोट चालवायच्या कन्सोलवर बसलेला असतो, टेबलापासून दूर. इन्स्ट्रुमेंट बदलते ती सिस्टर किंवा शेजारचा असिस्टंट. तुझं कपलिंग त्यांच्यासाठी आहे. दोन हातमोजे एकावर एक, ओले, दुसऱ्या हातात सक्शन. तू लॅच दोन बाजूंनी दाबायचा केलास, म्हणजे त्याला दोन बोटं समोरासमोर लागतात. एका अंगठ्याने दाबून बघ. हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात बुडवून. रक्तस्राव सुरू झाला आणि पोट उघडायची वेळ आली तर रोबोट बाजूला घ्यायला त्या सिस्टरकडे किती अवधी असतो, हे तिलाच विचार. गाइडना नको.

आणि धुण्याचं. तुझ्या स्प्रिंगमागे आंधळं भोक आहे. सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. इथे समुद्राकाठी स्टेनलेसच्या फटीत मीठ साचलं की काय होतं ते तू लहानपणापासून बघतेस, तरी हे भोक ठेवलंस! आरपार कर, पाणी वाहून जाऊ दे. शक्य असेल तर एक बाजू पीईईके प्लास्टिकची घे. ते ऑटोक्लेव्ह सोसतं, आणि स्टेनलेसवर स्टेनलेस घासून ओरबाडण्याचा प्रश्न राहत नाही. अर्थात, घर्षणांक बदलेल, तो नव्याने मोज.

गाइडशी भांडू नकोस, पण मागेही हटू नकोस. त्यांना पकडीचे आकडे दे, ते मागतायत आणि त्यात गैर काही नाही. फक्त शेजारच्या रकान्यात सुटायला लागणारं बल लिही. तो रकाना रिकामा ठेवून सबमिशन करणार असशील तर मला दाखवू नकोस.

नव्या ड्रॉइंगमध्ये पहिल्या शीटवर सुटलेल्या स्थितीतला सेक्शन काढ, बसलेला दुसऱ्या शीटवर. माझ्याकडे ३१६ स्टेनलेसचा बार पडून आहे. १५ अंशांचे दोन नग मी खडपोलीत काढून ठेवतो. सुटायचं बल मोजायला स्प्रिंग बॅलन्स (ताणकाटा) कॉलेजातून आण, इथला नीट दाखवत नाही.