उचलू देऊ नकोस

पोरी,

तुझं पत्र मिळालं. धीर वगैरे मी देणार नाही. अपघातानंतर तू व्हीलचेअरवर आलीस तेव्हापासून तो तुला खानापुरापासून बेळगावापर्यंत सगळ्यांनी पोटभर दिलाय. तू विचारलंस तेवढ्यावरच बोलतो. एम.ए.चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि प्राचार्य म्हणाले, ‘काळजी करू नको, आमची मुलं चांगली आहेत, उचलून नेतील.’ आई म्हणते देवमाणूस भेटला. नाही म्हणावं तर माजली म्हणतील, हो म्हणावं तर रोज दोनदा चार पोरांच्या हातावर. त्यात तो मावसभाऊ इंग्लंडहून व्हिडिओ पाठवतोय, की इकडे निघून ये, इथली माणसंच वेगळी.

उचलू देऊ नकोस.

प्राचार्य चांगले असतील, पोरं त्यांच्याहून चांगली असतील. आपल्या भागातली माणसं मदतीला कमी नाहीत हे मी कुणाकडून शिकायला नको. मी पोलिओचा, याच हातांवर वाढलोय. खडेबाजारात माझी व्हीलचेअर गटाराच्या फरशीत अडकली तर हाक मारायच्या आत तीन माणसं धावतात, त्यातला एक मराठी, एक कन्नड आणि एक उर्दूतून सूचना देत असतो. पण तुला उचलून वर ठेवलं, की वरच्या माणसाच्या लेखी काम संपतं. जिना आहे तिथंच राहतो. पुढच्या वर्षी दुसरी कुणी येते, तिला चार पोरं मिळत नाहीत, आणि ती घरी बसते. तिला घरी कुणी बसवलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणखी एक, जे तू लिहिलं नाहीस. मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनची शेड चालवली, कित्येक खुर्च्या दुरुस्त केल्या, त्यामुळे कशा मोडतात ते मला ठाऊक आहे. मदत करणारा आधी आर्मरेस्ट धरतो. आपल्याकडच्या बऱ्याच खुर्च्यांचा आर्मरेस्ट काढता येणारा असतो, तो त्याच्या हातात येतो. मग कुणी फूटरेस्टला हात घालतो, तोही सुटतो. शेवटी काखेत आणि मांडीखाली हात. तुला तिथं काय वाटेल हे कुणी विचारणार नाही, कारण ते उपकार करतायत. कमरेखाली तुला संवेदना नाही. जिन्याच्या कठड्याला पाय घासला तर संध्याकाळी रक्त दिसल्यावर कळणार, आणि तसली जखम भरायला महिने घेते. डॉक्टरांनी हे सांगितलंच असेल. प्राचार्यांना सांगितलंस का?

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असणार, म्हणून मीच सांगतो. ताईचं लग्न ज्या कार्यालयात झालं त्याचा हॉल वरच्या मजल्यावर आणि पंगत खाली. मी उचलू दिलं नाही. मामा पाया पडायचे बाकी होते, व्याही वरून वाकून बघत होते. मी खाली, वाढप्यांच्या मध्ये बसून मंगलाष्टका स्पीकरवर ऐकल्या आणि तिथूनच अक्षता टाकल्या, त्या भाताच्या पातेल्याशेजारी पडल्या. ताई पुढं बरेच दिवस बोलली नाही. वाईट वाटतं का? वाटतं. तिचा तो चेहरा मला बघायला मिळाला नाही, फोटोतच बघितला. पण आज तीच वेळ आली तर मी तेच करीन. हॉल वर आहे हे बुकिंग करताना घरातल्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ‘त्याला काय, उचलू की’. भाचीच्या लग्नाला ताईनं सपाट लॉन घेतलं. ती म्हणते भाडं कमी होतं म्हणून. असेल.

हट्टी म्हणतात मला. म्हणू देत.

आता त्या मावसभावाचं. तिकडची माणसं आईच्या पोटातून शहाणी होऊन आलेली नाहीत. अमेरिकेत पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी अपंगांना डावलू नये असं सांगणारं, मंजूर होऊन साडेतीन वर्षं झाली तरी त्याच्या नियमांवर सही होत नव्हती. तेव्हा १९७७ च्या एप्रिलमध्ये शंभराहून जास्त माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरली आणि जवळजवळ महिनाभर हललीच नाहीत. त्यांच्या पुढाऱ्यांत ज्युडी ह्यूमन होत्या, माझ्यासारख्याच पोलिओच्या. पाच वर्षांच्या असताना शाळेनं त्यांना परत पाठवलं होतं, का तर आग लागली तर व्हीलचेअर धोक्याची. त्याच एप्रिलमध्ये जपानात, कावासाकीला, सेरेब्रल पाल्सीची माणसं बसमध्ये चढली आणि उतरेनात. सोबत माणूस असेल तरच खुर्चीवाल्याला घेऊ, असं बसवाल्यांचं म्हणणं होतं. या दोन गावांनी एकमेकांना विचारून केलं नव्हतं.

आणि १२ मार्च १९९०, वॉशिंग्टन. तिथल्या संसदेच्या पायऱ्यांशी साठेक माणसांनी खुर्च्या आणि कुबड्या बाजूला टाकल्या आणि सरपटत वर गेली. त्यात आठ वर्षांची जेनिफर कीलन होती. तिला उचलायला चार माणसं मिळाली नसती? शेकडो मिळाली असती. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही झाली.

लंडनला मी धाकट्या भावाकडे गेलो होतो तेव्हा बसच्या मधल्या दारातून रॅम्प बाहेर आला, मी चढलो, आणि कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा मला अपमान वाटला. बेळगावात निदान दहा जण विचारतात, ‘काय झालं हो पायाला?’ मग सवय झाली, आणि बरं वाटायला लागलं. काळ्या टॅक्सीत खुर्चीसकट बसता येतं. पण भुयारी रेल्वेच्या जुन्या स्टेशनात पायऱ्याच, मी वरूनच परत फिरलो. बसमधली ती जागासुद्धा भांडून राखावी लागते. २०१२ मध्ये डग पॉली नावाच्या माणसाला बसमध्ये जागा मिळाली नाही, कारण तिथं बाबागाडी होती आणि बाळाची आई ती हलवायला तयार नव्हती. तो कोर्टात गेला. नुसती विनंती करून चालकानं हात झटकू नयेत, एवढं वदवून घ्यायला २०१७ उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. तुझ्या मावसभावाच्या व्हिडिओत हे येत नाही. इंग्लंडला जायचं तर जा, माझी ना नाही. पण माणसं चांगली म्हणून जाऊ नकोस. चांगली माणसं इथं ढिगानं आहेत, त्यांनीच तर तुला दुसऱ्या मजल्यावर न्यायचं ठरवलंय!

आपल्याकडं कायदा नाही असंही नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा त्यातच आहेत. सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सोयीच्या करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत संपूनही काही वर्षं झाली. दृष्टिहीन असलेले राजीव रतुरी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले होते. ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला, की सोयींचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, सक्तीचे करा. एकोणीस वर्षं. ‘स्वल्प अडजस्ट माडी’, जरा सांभाळून घ्या, हे आपलं कन्नड वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं असेल, कोण जाणे.

आपल्या गल्ल्यांतून एकदा नीट बघत जा. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठंही. घरोघरी उंबऱ्याला सिमेंटचा उतार ओतलेला आहे. स्कूटर आत घ्यायला! त्याच घरातली आजी गुडघे धरून पायरी उतरते. आणि पाटीवर मराठी राहावी म्हणून रस्त्यावर उतरणारी आपली माणसं (मीही त्यातलाच) ज्या वाचनालयाबाहेर जमतात त्याला तीन पायऱ्या आहेत. माझी घोषणा मी फुटपाथवरून देतो. बोललो तर म्हणतात, ‘आधी मोठा प्रश्न सुटू दे.’

तर आता कामाचं. लिफ्ट मागू नकोस. लिफ्ट म्हटलं की निधी, निविदा, आणि तुझी दोन वर्षं संपली. वर्ग खाली आणा एवढंच माग. खोल्यांची अदलाबदल, खर्च शून्य. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात, अर्जात हा शब्द असू दे. अर्ज कन्नडमधून कर, खाली मराठी जोड, आणि पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नकोस. तोंडी हो म्हणाले तरी लेखी घे. नाहीच ऐकलं तर राज्याच्या अपंग आयुक्तांकडं तक्रार करता येते, मसुदा मी करून देतो. तोवर पोरं जिन्याशी थांबली तर त्यांना चहा पाज, पुस्तकं वर न्यायला लाव, पण खुर्चीला हात लावू देऊ नकोस. पहिला आठवडा बुडेल. बुडू दे.

कॉलेजच्या दारातल्या तीन पायऱ्यांचं मी बघतो. सहा-सहा इंचांच्या असतील तर दीड फूट उंची, एकास बारा धरला तर अठरा फूट लांबीचा उतार लागतो. कंत्राटदार सहा फुटांत बसवतो म्हणेल, त्याला हो म्हणू नको, त्यावरून तू मागं पडशील. अँगल आणि चेकर्ड प्लेटचा रॅम्प माझी जुनी पोरं करून देतील. शनिवारी टेप घेऊन येतो. मला दारातच भेट, आत चल म्हणू नकोस.

इंग्लंडचा अर्जही भरून ठेव. तिकडच्या विद्यापीठाला लिहिताना मात्र माणसं कशी आहेत ते विचारू नकोस. वसतिगृहाच्या न्हाणीघराच्या दाराची रुंदी विचार, मिलिमीटरमध्ये. नऊशे म्हणाले तर पुढचं बोल.

तुझा,
काका