व्युत्पत्ती शोधताना आधी दाखला पाहावा
जुन्या इंग्रजी शब्दांचा नाद तुम्हाला नुकताच लागला आहे, म्हणून आग्रहाने सांगतो: शब्दामागची गोष्ट जितकी रंजक, तितका तिच्यावर संशय अधिक घ्यावा. ‘पॉश’ हा शब्द हिंदुस्थानच्या बोटींवरील सावलीच्या बाजूच्या खोल्यांवरून, म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी) यांच्या आद्याक्षरांवरून आला, ही कथा मीही अनेक वर्षे हौसेने सांगत होतो. परंतु तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही.

याउलट ‘एप्रन’ पाहा. मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला ‘नेप्रन’, म्हणजे ‘नॅपकिन’चा भाऊबंद. ‘अ नेप्रन’ असे भरभर म्हणताना ‘न’ मागच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘अ‍ॅन एप्रन’ उरले. यात ना बोट, ना साहेब. पण ‘न’सकट रूप जुन्या लेखनात प्रत्यक्ष वाचायला मिळते.

१८८४ पासून भागांनी प्रसिद्ध होऊ लागलेल्या ऑक्सफर्ड कोशात प्रत्येक अर्थाखाली सनवार अवतरणे दिलेली असतात. व्याख्येआधी त्यांतले सर्वांत जुने वाचण्याची सवय लावून घ्या. ‘नाइस’चा जुना अर्थ ‘मूर्ख’ होता, हे त्यामुळेच ध्यानात येते.

मराठी येत असल्याचा लाभही विसरू नका. ‘मंगूज’ हे आपले मुंगूसच असून ‘गूज’ म्हणजे हंसवर्गीय पक्ष्याशी त्याचे काहीही नाते नाही, आणि म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘मंगीज’ न होता ‘मंगूजेस’ होते.