वजन उतरतं आणि परत चढतं

प्रश्न : वय 46, उंची 152 सेंमी, वजन 78 किलो. साखर आणि बीपी दोन्ही आहेत, गुडघे दुखतात. डॉक्टर दरवेळी 'वजन कमी करा' म्हणतात आणि गोळ्या लिहून देतात. भात सोडून तीन किलो उतरले, ते गणपतीनंतर परत चढले. आता दवाखान्यात जायचीच लाज वाटते.
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ताई, जाणं थांबवू नका. लाजेपायी माणसं यायची थांबतात आणि साखरेच्या गोळ्याही सुटतात, हे आमच्या किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रात मी सतत पाहते. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरला वेळ नसतो हे खरं, पण 'वजन कमी करा' एवढं म्हणणं म्हणजे उपचार नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजन परत चढलं यात तुमचा दोष नाही. वजन उतरलं की भूक वाढते आणि शरीर ऊर्जा कमी खर्च करू लागतं. म्हणून टिकेल तेच करायचं. आपल्याकडे भात कायमचा सुटत नाही, सोडूही नका. उकड्या तांदळाचा एक वाटी भात घ्या, सोबत लाल माठ नाहीतर पडवळाची भाजी भरपूर. बांगडा तळण्याऐवजी त्याचं तिखलं करा. चहातली साखर मात्र बंद. गुडघ्यांना घाटी चढवू नका. जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात किंवा ओहोटीला पुळणीच्या घट्ट वाळूवर चाला.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 34 च्या आसपास येतो. भारतीयांमध्ये 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. कंबरही मोजायला हवी, बाईची 80 सेंमीच्या आत असावी. आशाताईंकडे टेप असते, तिशीनंतरच्या तपासणीच्या फॉर्मात हे माप त्या भरतातच.

पुढच्या वेळी सगळ्या गोळ्या सोबत न्या आणि विचारा, 'यातल्या कशाने वजन वाढतं का?' साखरेसाठीच्या ग्लिमेपिराइडने वाढू शकतं, मेटफॉर्मिनने सहसा नाही. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका. घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो.

सहा महिन्यांत चार किलो, एवढंच ध्येय ठेवा. तेवढ्यानेही साखर आणि बीपी सुधारू शकतात. नाही जमलं तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागा. वजन कमी करायची नवी इंजेक्शनं मेडिकलमधून परस्पर घेऊ नका; बंद केली की बहुतेकांचं वजन परत वाढतं, म्हणून ती सुरू करण्याआधीच किती काळ घ्यायची आणि खर्च झेपेल का, हे डॉक्टरांशी बोलून घ्या.