अर्ज कोण भरतंय?

तुमची मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रासाठी तिला गणिताचे दोन ऐच्छिक विषय निवडायचे आहेत. तिला नंबर थिअरी (पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास) आणि ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा (अमूर्त बीजगणित) हवं आहे, तर एआयचा जमाना असल्यामुळे तिने स्टॅटिस्टिक्स आणि ऑप्टिमायझेशन घ्यावं, असं तुम्हाला वाटतं. तुम्ही मला विचारलंत की यातलं योग्य काय.

पण माझं लक्ष पत्रातल्या दुसऱ्याच वाक्यावर अडकलं: ‘तिचा पासवर्ड माझ्याकडेच असतो, अर्ज भरून ठेवला आहे.’ अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत उरकलं आहे, आणि तीही ‘हट्ट धरून बसली आहे’ अशी. तिला हे विषय का हवेत, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. अभ्यास तिला करायचा आहे, पेपर तिला लिहायचा आहे. तो पासवर्ड आजच तिच्या हवाली करा.

‘नंबर थिअरीचा कॉम्प्युटरशी काय संबंध?’ असं तुम्ही लिहिता. अगदी जवळचा आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आरएसए ही कूटलेखनाची पद्धत मांडली, ती याच विषयावर उभी आहे. लहान आकडे घेऊन बघा. ३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. संदेश आहे ४. त्याचा घन ६४, त्याला ३३ ने भागलं की बाकी ३१. हा झाला गुप्त संदेश. आता ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागा, बाकी पुन्हा ४ येते. सात हा आकडा शोधायला ३३ चे अवयव माहीत असावे लागतात. इथे ते तोंडी सांगता येतात, पण दोन प्रचंड मूळ संख्या गुणून आलेल्या सहाशे अंकी संख्येचे अवयव पाडणं आजच्या कॉम्प्युटरच्याही आवाक्याबाहेर आहे. सायबर सुरक्षेत खोलवर काम करायचं तर हे गणित लागतंच.

मला खटकलं ते वेगळंच. लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे मॅट्रिक्सचं (आकड्यांच्या चौकटींचं) गणित, तुमच्याही यादीत नाही आणि तिच्याही. पहिल्या वर्षी मॅट्रिक्सचं एखादं प्रकरण झालं असेल, तेवढ्यावर भागत नाही. एआयमागच्या न्यूरल नेटवर्कचा बहुतेक हिशोब मॅट्रिक्सच्या गुणाकारांचा असतो, ग्राफिक्समध्येही तेच. म्हणून माझं मत: आता नंबर थिअरी आणि लिनिअर अल्जेब्रा घ्यावं. ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा त्यानंतरच्या सत्रात, तोवर सिद्धता लिहायचा हातही बसेल. स्टॅटिस्टिक्स नंतर जरूर घ्यावं. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची काळजी असेल, तर तिथे लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटी पक्की असली की बरंच निभावतं.

नंबर थिअरीत मार्क कमी पडतील, ही तुमची भीती मात्र अगदीच खोटी नाही. त्या पेपरात सूत्रात आकडे टाकून सुटका होत नाही, सिद्धता लिहावी लागते. तिने मागच्या वर्षीचा पेपर काढावा आणि पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणाची उदाहरणं घेऊन दोन-तीन संध्याकाळ बसावं. अडली आणि तरीही उठावंसं वाटलं नाही, तर बिनधास्त हा विषय घ्यावा. कंटाळली, तर तीच बदलेल. त्यानंतरही काही विचारायचं असेल, तर पत्र तिला लिहू द्या.